मधला ओटा ओलांडण्याबाबत

गुरुवार, दि. १२ मार्च. दुपारी ३.४० वाजता सुरू.

नाव लिविया तादोलिनी, वय ६३ वर्षे, व्यवसाय विद्यापीठात मध्ययुगीन लॅटिन हस्तलिखितांचे अध्यापन, राहणार सान व्हिताले रस्ता, तिसरा मजला, बोलोन्या.

समक्ष विचारल्यावरून सांगते की,

नोएमी बारल्दी, वय २४, मूळ गाव कोमाक्क्यो, ही दोन वर्षांपासून माझ्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहीत होती. तिची तोंडी परीक्षा आज सकाळी १० वाजता होती. ती आली नाही. तिचा फोन मंगळवार, दि. १० पासून बंद आहे. तिच्यासोबत राहणाऱ्या मुलीचे म्हणणे असे की, नोएमी मंगळवारी सकाळी दहाला वाचनालयात जाते म्हणून निघाली, ती परतलेली नाही.

माझे थोरले बंधू एत्तोरे तादोलिनी, वय ६८, राहणार त्रिएस्ते, हे सोमवारी माझ्याकडे आले. अकरा वर्षांत ते इथे आले नव्हते. त्यांना मोठ्या चौकात जाऊन सान पेत्रोनियो चर्चच्या पायऱ्यांवर पूर्वीसारखे बसायचे होते. मंगळवारी ११.२० वाजता आम्ही तेथे बसलो.

बंधू म्हणाले, "लिविया, या पायऱ्या पूर्वी एवढ्या गार नव्हत्या गं."

मी म्हणाले, "पायऱ्या त्याच आहेत, दादा. बसणारा अडुसष्टचा झालाय."

११.२४ वाजता पूर्वेकडील कमानींखालून नोएमी चौकात आली. वेळ मी नगरभवनाच्या घड्याळावर पाहिली. तिच्याबरोबर एक पुरुष होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, तिच्याहून वीतभर उंच, गडद निळे जाकीट, दाढी केलेली, टोपी नाही. त्याने डाव्या हाताने तिचा दंड कोपराच्या वर धरला होता. उजवा हात जाकिटाच्या खिशात होता व शेवटपर्यंत खिशातच राहिला. नोएमीजवळ पिशवी नव्हती. पिशवीशिवाय मी तिला कधीही पाहिलेले नाही.

या ठिकाणी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे, कारण मंगळवारी या ठाण्यात हजर असलेले अधिकारी दुसऱ्या प्रांतातून बदलून आलेले असून त्यांना ती ठाऊक नव्हती. चौकाच्या मधोमध वीतभर उंचीचा विस्तीर्ण दगडी ओटा आहे. पदवी हातात पडण्यापूर्वी जो विद्यार्थी तो ओलांडतो त्याला पदवी मिळत नाही, असा इथल्या विद्यार्थ्यांचा समज आहे. मुले पावसात भिजतात, वर्गाला उशिरा येतात, पण ओट्याच्या कडेकडेने वळसा घेतात. नोएमी हे सहा वर्षे पाळत होती. मी तिची अनेकदा चेष्टा केली आहे. गेल्या महिन्यात मी तिला विचारले होते, "तेराव्या शतकातले करार वाचणारी मुलगी तू, आणि फरशीला घाबरतेस?" ती म्हणाली होती, "बाई, सहा वर्षं फिरून गेले, आता महिन्याभरासाठी विषाची परीक्षा कशाला? मिळू दे पदवी, मग ओट्यावर लोळून दाखवते तुम्हाला."

मंगळवारी तो पुरुष कडेने चालला होता. ओट्याजवळ येताच नोएमीने माझ्याकडे पाहिले. आमच्यात सुमारे चाळीस पावलांचे अंतर होते. मग ती ओट्यावर चढली. तिच्या ओढीमुळे त्यालाही चढावे लागले. ओट्याच्या मध्यावर ती थांबली व तोंड पूर्णपणे माझ्याकडे वळवून उभी राहिली. हाक मारली नाही, हात केला नाही. पुरुष तिच्या कानाशी वाकून काही बोलला. त्यानंतर दोघे पश्चिमेकडे उतरून नगरभवनाच्या डावीकडील रस्त्याला लागले.

ती ओट्यावर उभी असताना मी तिला हात हलवून दाखवला. मी हसले. बंधूंना मी म्हणाले, "ती बघ, माझी विद्यार्थिनी. अखेर शहाणी झाली."

मी असे का केले, असे विचारल्यावरून सांगते की, माझ्या शिकवण्याचा परिणाम झाला, अशी माझी समजूत झाली.

११.३० वाजता आम्ही कॉफी घेण्यासाठी जवळच्या दुकानात गेलो. बंधूंनी आयुष्यभर बंदरावर नोकरी केली आहे. ते म्हणाले, "तुझी ती मुलगी अशी काय चालत होती गं? आमच्याकडे कस्टमवाले माणसाला धरून न्यायचे ना, तश्शी. आणि तू काय टाटा करत बसलीस?"

११.४१ वाजता मी दुकानातून निघाले. मी चालले नाही, धावले. नगरभवनाच्या डावीकडील रस्ता मी शेवटपर्यंत पाहिला. ताजे तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरून हाताने घडी घातलेल्या कणकेच्या लहान पुड्या, विकणाऱ्या दुकानात चौकशी केली. दुकानदारीण म्हणाली, "बाई, इथून दिवसाला हजार माणसं जातात. मी हातातली घडी बघू का माणसांची तोंडं?" इतर कोणी काही पाहिले नव्हते.

१२.३० वाजता मी याच ठाण्यात आले व वरील सर्व हकिकत याच क्रमाने सांगितली. अधिकारी म्हणाले, "चोवीस वर्षांची पोरगी पुरुषाबरोबर चौकातून चालली. यात मी लिहू काय? प्रेमात पडली म्हणून?" मी ओट्याविषयी सांगितले. ते म्हणाले, "फरशीवर पाय ठेवला म्हणून तक्रार? बाई, परीक्षा आली की पोरं पळतातच. येईल उद्या, जा घरी." मागच्या टेबलावर कोणीतरी हसले. माझ्या समक्ष कागदावर एक अक्षरही लिहिले गेले नाही.

आज सकाळी परीक्षेसाठी नोएमीच्या आई देल्फिना बारल्दी कोमाक्क्योहून आल्या. पदवी मिळाल्यावर डोक्यावर घालावयाची तेजपत्त्याच्या पानांची माळ त्यांनी खोक्यातून आणली होती. नाव तीनदा पुकारले गेले. त्या मला म्हणाल्या, "रात्रभर वाचत बसली असेल हो. लागला असेल डोळा. दहा मिनिटं थांबाल ना?" मी पन्नास मिनिटे थांबले. नियमात अशी तरतूद नाही. त्या आता या खोलीबाहेरील बाकावर बसल्या आहेत. ओट्याविषयी मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.

हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार बाईंनी या ठिकाणी लेखणी थांबवून विचारले, "मधोमध? थांबली पण?" मी होय म्हणाले. त्या म्हणाल्या, "मी इथंच शिकले. पदवीच्या दिवसापर्यंत कडेनंच गेले." साक्षीदाराच्या जबाबात लिहिणाऱ्याचे बोलणे घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ते घ्यावे, असा मी आग्रह धरला.

नोएमी अशा माणसाविषयी पूर्वी काही बोलली होती काय, असे विचारल्यावरून सांगते की, शुक्रवार, दि. ६ मार्च रोजी सायंकाळी ५.३० वाजता ती माझ्या खोलीत आली. म्हणाली, "बाई, आज तुमच्याबरोबर स्टॉपपर्यंत येऊ का? खाली एक जण उभा असतो. सोमवारपासून." माझे चाळीस मिनिटांचे काम बाकी होते. तोवर तिने तळटीप क्रमांक ११८ दुरुस्त करावी, असे मी सांगितले. ती आणखी काही बोलू पाहत होती. मी मान वर केली नाही. टीप दुरुस्त करून ५.५० वाजता ती एकटीच गेली. खाली कोण उभे होते, हे मी खिडकीतून पाहिले नाही. खिडकी माझ्या टेबलापासून तीन पावलांवर आहे. तळटीप ११८ आता बिनचूक आहे.

चौकातील कॅमेऱ्यांचे चित्रण बहात्तर तासच ठेवले जाते, असे मला आज कळले. ती मुदत उद्या शुक्रवारी ११.२४ वाजता संपते. जबाब लिहिणे संपले तेव्हा ५.०५ झाले होते. म्हणजे अठरा तास एकोणीस मिनिटे शिल्लक आहेत.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. 'ती सहज ओट्यावर चढली' या वाक्यातील 'सहज' हा शब्द मी सांगितलेला नव्हता. तो माझ्यासमोर खोडला असून समासात माझी आद्याक्षरे आहेत. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सहीपूर्वी माझी मागणी नोंदवावी. मंगळवारी ११.२४ चे चित्रण ताब्यात घेतले काय, व नसल्यास कोणाच्या आदेशाने घेतले नाही, याचे उत्तर मला व देल्फिना बारल्दी यांना आज, त्या बाकावरून उठण्यापूर्वी, सहीशिक्क्यासह लेखी मिळावे. तोंडी उत्तर मी मंगळवारी ऐकले आहे.

(सही) लिविया तादोलिनी