ताडकळसचा नकार

समाजशास्त्र शिकून काय होतं म्हणता? मला इचारा! विद्यापीठाचं नाव बदलायच्या आधीची गोष्ट हाय. एम.ए.च्या प्रबंधाला मी 'शेतकरी कुटुंबातील विवाह' असा विषय घेतला, अन् सरांनी मला ताडकळस गावाला धाडलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, तिथंच घोळ झाला.

एका पाटलाच्या ओसरीवर बसून प्रश्न सुरू केले. जमीन किती? लेकी किती? थोरलीचं शिक्षण काय? पाटील लय हौसेनं सांगायलेत.

मधीच म्हणाले, "मोठी माणसं न्हाई आली संगं?"

म्हणलं, "सर येतील की पुढच्या खेपेला."

तेवढ्यात डोक्यावर पदर घेतलेली थोरली पोह्याची बशी घेऊन आली अन् माझ्यासमोर पाटावर बसली. मी घाईनं वही मिटली.

आता पाटील विचारायलेत. "तुमी काय करता?"

"एम.ए. करायलोय."

"मग पुढं?"

"पीएचडी."

"अन् त्याच्या पुढं?"

मी पोह्याची बशी उचलली. पाटील आत जाऊन आले अन् हात जोडून म्हणाले, "राग मानू नका, पण आमाला नोकरीवालाच जावई पाहिजे."

मागणी न घालताच नकार!

तडक सरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. सर हसलेच न्हाईत.

"माझंबी बोरीला असंच झालतं."

"मग?"

सरांनी स्वयंपाकघराकडं बघितलं अन् आवाज बारीक केला.

"ते लोक हो म्हणले. म्हणून तर माझी पीएचडी राहिली."