गाळलेलं नाव

झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे एक प्राध्यापक आणि त्यांची विद्यार्थिनी उभे होते.

“सर, हदीसवरच्या आपल्या लेखातून माझं नाव कुठे गेलं?”

“अगं, एकाच नावानं वजन येतं. मला लोक ओळखतात.”

“हस्तलिखितं तर मीच वाचली.”

“पुढच्या लेखात घालू की! आता ताणू नकोस.”

“हदीसमधलं पैगंबरांचं वचन कोणी कोणाकडून ऐकलं, त्या साखळीतलं एक नाव गळलं तरी ते कच्चं ठरतं. तुम्हीच शिकवलंत ना?”

“ते वचनांचं झालं. हा साधा लेख आहे.”

“मग उद्याच्या परिसंवादात तुटलेल्या साखळीचं उदाहरण म्हणून हाच लेख मांडते.”

“मला धमकी देतेस?”

“छे हो! तुमचं नाव घेऊनच मांडीन, सर. मी कुणाचं नाव गाळत नाही.”