नकाशातलं गाळलेलं स्टेशन

...नाही नाही, असा ओढू नकोस, टॅमसिन, आधी खालचे स्क्रू सैल कर — हां. तुला नवीन नकाशा काढायला सांगितलाय ना? सांगणारच. हा माझा, आपल्या कंपनीच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या कामाचा. आपल्या लंडनच्या भुयारी रेल्वेचा असतो तसाच — लाल रेघ तक्रारींची, निळी सुट्या भागांची, हिरवी दुरुस्तीची, आणि प्रत्येक काम म्हणजे एक स्टेशन. लिफ्ट बिघडल्याचा फोन आला की तो लाल रेघेवर चढायचा आणि शेवटी ‘लिफ्ट चालू’ला उतरायचा. गोदामातला एकजण मला म्हणाला होता, “रोझलिंड, बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुठेतरी दिसलो बघ मी!” खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं होतं.

ही मोकळी जागा दिसते? इथे ‘दुसरी तपासणी’ होती. तिन्ही रेघा इथे यायच्या. म्हणजे काय, तर आयड्रिस बेव्हन. दुरुस्ती झाली की हा बाबा स्वतः जायचा, ब्रेक हाताने तपासायचा, मगच सही. एकटा माणूस, आणि सगळ्या कंपनीची कामं त्याच्यापाशी तुंबलेली — नकाशात ती गाठ कशी डोळ्यात खुपायची! संचालक म्हणाले, “चार-चार दिवस इथेच जातात?” बस, एवढंच म्हणाले. स्टेशन काढून टाकू, कारागीरच सही करेल, हे मी म्हटलं. कुणी विचारलंही नव्हतं गं. का म्हटलं? रेघा सरळ होणार होत्या — म्हणून.

आयड्रिस आला होता, इथेच उभा होता. “मला घरी बसवा, हरकत नाही, पण तपासणी ठेवा,” म्हणाला. दोन कागद दिले, हाताने लिहिलेले — वर्षभरात दुरुस्तीनंतरही ब्रेक ढिले सापडले, अशा सात जागा, तारखांसकट. वाचले ना, न वाचायला काय झालं? वाचले आणि ठेवून दिले.

पुढे नोव्हेंबरात डेप्टफर्डला मिसेस ओसेई — अकराव्या मजल्यावर राहायची, शाळेत स्वयंपाक करायची — लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकत होती. दार उघडं असतानाच लिफ्ट वर सरकली. बाई अर्धी आत, अर्धी... जाऊ दे. ब्रेकची दुरुस्ती दोन दिवसांपूर्वीच झाली होती. सही होती कारागिराची, केल्विनची. तो तुरुंगात आहे.

मला? मला चौकशीत एकच विचारलं — कुणी लेखी कळवलं होतं का? मी म्हटलं, आठवत नाही. आयड्रिस मागच्याच बाकावर होता. त्याने सांगितलं, कागद दिले होते म्हणून, पण त्याच्याकडे नक्कल कुठली? मिसेस ओसेईची मुलगी माझ्याकडेच बघत होती, तिला वाटलं, ही तरी खरं बोलेल. बाहेर पडताना आयड्रिसने माझ्यासाठी दार धरलं. “सांभाळून, पायरी आहे,” म्हणाला. शिवी दिली असती तर मी... शिवी तरी द्यायची ना!

तू अशी का बघतेस? कागद ना? आहेत. फाडवत नाहीत आणि — कुठे आहेत ते तुला काय करायचंय? मी काही म्हटलेलं नाही. नकाशा उचल. उचल म्हणते ना! आणि जाताना दार लावून घे.