भिंतीकडे तोंड केलेलं लग्न

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, सन्माननीय शेख मुहन्ना. व्यासपीठावर उपस्थित असलेले शिक्षण खात्याचे अधिकारी. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपल्या शाळेचे मुख्याध्यापक उस्ताद ज़हरान. इब्रा गावातले माझे वडीलधारे, मित्र आणि शाळेचे आजी-माजी विद्यार्थी. आणि भिंतीपलीकडच्या दालनात बसून हे ऐकणाऱ्या माझ्या माता-भगिनींनो, तुम्हा सर्वांना हुमैद बिन सालिमचा सलाम.

पलीकडे आज फक्त आवाज जातो आहे. तारा मी स्वतः तपासल्या आहेत, आणि समाधान झालं नाही म्हणून पुन्हा तपासल्या आहेत. मागच्या ओळीतले काही जण मान खाली घालून हसताहेत, ते मला दिसतंय. हसा बापहो, तो तुमचा हक्कच आहे.

पालक समितीचा सचिव म्हणून मला उस्तादांच्या कार्याचा आढावा घ्यायला सांगितलं आहे. आढावा काय घ्यायचा? या सभागृहात पन्नाशीच्या आतला असा कोण आहे, ज्याने त्यांच्या भूगोलाच्या तासाला भिंतीकडे तोंड करून उभं राहण्याची शिक्षा भोगली नाही? उस्तादांनी कधी छडी उचलली नाही, कधी आवाज चढवला नाही. खडू खाली ठेवायचा, टेबलावर बोटांनी हळूच टकटक करायची आणि म्हणायचं, "मुलांनो, भिंतीकडे तोंड करा." बस्स. मी सहावीत होतो तेव्हा आमच्या वर्गाच्या भिंतीवरचा प्रत्येक पोपडा मला तोंडपाठ होता. नद्यांची नावं मात्र आजही येत नाहीत.

अधिकारी साहेब बाहेरगावचे आहेत, त्यांना ठाऊक नसेल. बाकीच्या सगळ्यांना ठाऊक आहे की याच सभागृहात गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं, रय्याचं, लग्न झालं. आणि त्या दिवशी काय झालं हे ठाऊक असूनही आजवर गावातल्या एकाही माणसाने माझ्यापाशी त्याचा शब्द काढलेला नाही. भेटलात की विचारता, हुमैद, तब्येत कशी, खजूर कसा उतरला. एवढा मोठा खड्डा, आणि अख्खं गाव त्याला वळसा घालून चालतंय. आज मीच त्यात पाय घालतो आहे. का, ते शेवटी सांगतो.

लग्नाचे फोटो कोणी काढायचे, यावरून आमच्या घरी बरेच दिवस धुसफूस चालली होती. रय्याच्या आईचं, ज़ुवैनाचं, म्हणणं सरळ होतं: आपली बद्रिया आहे. गावातल्या सगळ्या नवऱ्या तिनेच टिपल्या. बायकांच्या दालनात एकटी शिरते, काम झालं की कॅमेऱ्यातलं कार्ड काढून नवरीच्या आईच्या हातात ठेवते आणि कहवा पिऊन घरी जाते. रय्यालाही तीच हवी होती. पण मी पडलो चार माणसांत उठबस असणारा. मी म्हणालो, बद्रियाच्या फोटोत सगळ्या नवऱ्या एकसारख्या दिसतात, जणू सगळ्या तिच्या मावशीच्याच मुली. ज़ुवैना म्हणाली, "रय्याचे बाबा, फोटो पाहायचेत कुणाला? आम्हालाच ना? मग तुम्ही कशाला मधे पडता?"

तिचं खरं होतं, म्हणूनच मी घाईघाईने राजधानीतली एक मोठी कंपनी ठरवून टाकली. त्यांचं गुळगुळीत माहितीपत्रक मी महिनाभर खिशात घेऊन हिंडत होतो. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना मी ते बळजबरीने दाखवलं आहे. बायकांच्या दालनात बायकांची तुकडी, पुरुषांकडे पुरुषांची, आणि दोन्हीकडे भिंतभर पडदा. पुरुषांचा तलवारीचा नाच बायकांना त्यांच्या पडद्यावर दिसणार, ही त्यांची खास सोय. आता आपल्या बायका तो नाच पाहायला खिडक्यांना डोळे लावतात हे काय मला ठाऊक नाही? मी खूश झालो. कंपनीचा माणूस म्हणाला, "चित्र एका बाजूने पाठवू की दोन्ही बाजूंनी? पैसे तेवढेच." मी म्हणालो, तेवढेच असतील तर दोन्ही बाजूंनी. फुकट ते पौष्टिक. मी असं बोललो तेव्हा माझ्या डोक्यात फक्त पडदा होता. पलीकडे माझ्या बहिणी असतील, तुमच्या लेकीसुना केस मोकळे सोडून नाचत असतील, मोबाइल दारात जमा करून निर्धास्त असतील, हे त्या घडीला माझ्या डोक्यात आलंच नाही. ज्याच्या घरात बायको-लेक आहे त्याच्या डोक्यात हे येऊ नये, याला काय म्हणायचं?

तर लग्नाचा दिवस. हलव्याची ताटं फिरली, नाच झाला, आणि मी पडद्यासमोर उभा राहून तुम्हाला म्हणालो की आता एक गंमत दाखवतो. गंमत म्हणजे मला वाटलं होतं, पाहुण्यांच्या स्वागताची सुंदर चित्रफीत. कंपनीचा छायाचित्रकार पडद्याच्या कडेला कॅमेरा तुमच्याकडे रोखून सज्ज होता, कारण माहितीपत्रकात 'पाहुण्यांचे आश्चर्यचकित चेहरे' हेही होतं. पडदा उजळला. मी तुमच्याकडे तोंड करून उभा, टाळ्यांची वाट पाहत. टाळ्या आल्या नाहीत. मी मागे वळून पाहिलं, तर मेंदी लावलेली दोन पावलं आणि हिरव्या पोशाखाची सोनेरी कड. तो पोशाख मी ओळखला. रय्या पलीकडच्या दालनात पाऊल टाकत होती, आणि चित्र हळूहळू वर सरकत होतं.

मी काहीही केलं नाही, हे मी स्पष्ट सांगतो. मी खांबासारखा उभा राहिलो.

तेवढ्यात टकटक ऐकू आली. उस्तादांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली, उठले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मुलांनो, भिंतीकडे तोंड करा."

आणि सगळं सभागृह मागच्या भिंतीकडे फिरलं. खुर्च्या करकरल्या. पोलीस खात्यातले, बँकेतले, उंटांचे व्यापारी, नातवंडं झालेले, सगळे. शेख मुहन्ना वयाने उस्तादांहून मोठे, ते कधीही त्यांच्या वर्गात बसलेले नाहीत, तेही फिरले. मग उस्ताद जमिनीवर नजर ठेवून माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "हुमैद, तुझ्या उजव्या हाताला खाली प्लग आहे. काढ." तेसुद्धा मला सांगावं लागलं. मी वाकून चाचपडत होतो, तेव्हा कोणी तरी भिंतीकडे बघतच विचारलं की यंदा वादीच्या कोरड्या पात्राला पाणी केव्हा येईल, आणि भिंतीकडे बघतच त्याला उत्तरंही आली. पडदा विझला तरी कोणी वळलं नाही. उस्तादांनी "बसा" म्हटल्यावरच वळलात.

पण पलीकडे काय पोचलं? एवढंच, की पुरुषांच्या पडद्यावर नवरी दिसली. रय्याने तोंडावर ओढणी घेतली आणि त्याच पावली ती दालनातून निघाली. त्या दिवसापासून तिने इब्राच्या बाजारात पाऊल टाकलेलं नाही. ईदला आली ती मागच्या दाराने. मला सलाम केला, माझा हात कपाळाला लावला, वर पाहिलं नाही. तिच्या मनात एकच आहे, की वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक पुरुषाने आपल्याला पाहिलंय. तिने मला कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. बापाने कोणत्या तोंडाने विषय काढायचा? तिचा नवरा सिनान सभ्य मुलगा, उस्तादांचाच विद्यार्थी. गावाचं मौन तोही पाळतो आहे. आपलं हे मौन फार थोर आहे, मित्रहो. फक्त ते भिंतीच्या या बाजूला आहे आणि माझी लेक त्या बाजूला.

आता शेवटचं, आणि ते सांगताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते आहे. कंपनीला मी सगळं चित्रण पुसायला लावलं. पण काही दिवसांनी त्यांनी पुरुषांकडचा एक फोटो पाठवला. त्यांचा तो इमानी माणूस आश्चर्यचकित चेहरे टिपायला उभा होता ना? त्याने बटण दाबलं होतं. पण त्याला चेहरे मिळाले नाहीत. त्या फोटोत आहेत पांढऱ्या अंगरख्यांच्या पाठी, ओळीच्या ओळी. कमरेला खंजीर लावलेला, खुद्द आपल्या लग्नात पाठमोरा झालेला नवरदेव सिनानही त्यात आहे. चेहरा दिसतो तो एकट्या माझा. कॅमेऱ्याकडे वळलेला, तोंड उघडं पडलेलं, प्लग सापडत नसलेला. इतका बावळट, इतका ओशाळा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. म्हणून तो फोटो मी कपाटात कपड्यांखाली घातला आणि आजवर कोणालाही दाखवला नाही, ज़ुवैनालाही नाही. माझी लाज झाकायला मी लेकीची उघडी ठेवली.

उस्ताद, परवा तुम्ही इथलं घर बंद करून मुलाकडे राहायला निघणार आहात. समितीने मला विचारलं, भेट काय द्यायची? तो फोटो मी मोठा करून चौकटीत बसवून आणला आहे. आता अध्यक्षांच्या हस्ते तो तुम्हाला देण्यात येईल. आणि त्याची दुसरी प्रत सकाळी मी ज़ुवैनाच्या हातात दिली. ज़ुवैना, ती आता तुझ्याशेजारी बसलेल्या रय्याला दे.

रय्या, बाळ, नीट बघ. त्यात गावातला प्रत्येक पुरुष आहे आणि एकाचाही चेहरा नाही. तू बाजारात जा. तुला कोणीच पाहिलं नाही. त्या दिवशी गावासमोर एकच माणूस उघडा पडला, आणि तो हा तुझा बाप.

अध्यक्ष महाराज, मला दिलेला वेळ संपून गेला आहे, आणि उस्तादांच्या कार्याचा आढावा राहूनच गेला. सभागृह दिल्याबद्दल, कहव्याबद्दल आणि इतके महिने काही न बोलल्याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाची मर्यादा ओलांडली असेल तर पदरात घ्या. उस्ताद, तुम्ही त्या दिवशी सगळ्यांना शिक्षा दिलीत, ज्याची होती त्याला सोडून. माझी राहिली आहे. खुर्ची मी आल्या आल्याच भिंतीकडे फिरवून ठेवली आहे. तुम्ही "बस" म्हणाल तेव्हा वळेन.