फळीवरची रेघ

सलूनमध्ये नंबरची वाट बघत माझ्या शेजारी दोघे भाऊ बसले होते.

“माझ्या रंधा मशीनला हात लावलास?”

“छे, दादा!”

“रविवारी तिन्ही पाती दगडावर घासून, धार लावून बसवली मी. आज फळी रंधली, तर मधोमध उंच रेघ. तिन्ही पात्यांना एकाच जागी खाच. कुणीतरी खिळ्यासकट लाकूड घातलंय.”

“उंदरांनी कुरतडलं असेल.”

“पोलाद?”

“हल्लीचे उंदीर, दादा…”

“बरं. बाळाचा पाळणा कुठून आणलास?”

“दुकानातून. तयारच मिळाला.”

“छान आहे. आत्ता निघताना हात फिरवला. प्रत्येक फळीवर तीच रेघ, मधोमध.”





“दादा, ती घासून जाते का रे?”