गोळी सुटत नसते

जय भीम. विमलताईंच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्या ताई-दादांनो, वंदना झाल्यापासून मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. माझं नाव पुकारलं म्हणून पुढे आलो. तुमच्यातल्या कितीतरी जणांना मी कोण हे माहीत आहे. ज्यांना माहीत नाही, त्यांना आधी सांगतो. नाहीतर माझं बोलणं म्हणजे फसवणूक होईल.

मी ज्ञानेश्वर. कंपनीत मला सगळे माउली म्हणतात. विमलताई साळवे आणि मी एकाच कंपनीत, एकाच लाइनवर, अकरा वर्षं. त्या तपासणीच्या टेबलावर, मी स्टोअरला. आणि ज्या लग्नात विमलताई गेल्या ते लग्न माझ्या पुतण्याचं होतं. ज्यानं गोळी झाडली तो माझा सख्खा थोरला भाऊ.

हे ऐकून कोणाला उठून जावंसं वाटलं तर जा. मी राग मानणार नाही.

मला इथे विमलताईंच्या मुलीनं, प्राजक्तानं बोलावलं. परवा तिचा फोन आला. मी म्हणालो, "बाळा, मी कुठल्या तोंडानं बोलू?" ती म्हणाली, "काका, तुम्ही पोलिसांना जे सांगितलं तेच इथे सांगा. बाकी काही नको." म्हणून तेवढंच सांगतो. तुमचं सांत्वन करायला मी आलेलो नाही. तो अधिकार मला नाही.

विमलताई कशा होत्या ते या संत तुकाराम नगरात मी काय सांगायचं? पण कंपनीतल्या विमलताई तुम्ही बघितल्या नाहीत. आमच्याकडे ब्रेकचे पार्ट बनतात. त्यांच्या हातात गेज असायचा. पार्ट त्यात बसला तर पास, नाही बसला तर लाल ट्रेमध्ये. एकदा डिस्पॅचची गाडी दारात उभी, ओव्हरटाइम करून माल काढलेला, आणि ताईंनी अख्खा लॉट अडवला. सुपरवायझर म्हणाला, "अहो ताई, केसाएवढा फरक आहे. चालतंय." ताई म्हणाल्या, "साहेब, चालतंय चालतंय म्हणत हा पार्ट कुठंतरी घाटात एखाद्याच्या पायाखाली जाणार. तिथं नाही चालायचं." गाडी रिकामी गेली. त्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्यावर चिडलो होतो. मीसुद्धा.

माझ्याकडे पिस्तुलाचं लायसन आलं तेव्हा मी पेढे घेऊन कंपनीत गेलो होतो. खरंच सांगतो, पेढे. पोराच्या नोकरीचे वाटावेत तसे. मोबाइलमधला फोटो सगळ्यांना दाखवत फिरलो. कमरेला लावलेलं, वर पांढरा शर्ट. पोरं म्हणाली, "माउली, नाद नाही करायचा." विमलताईंनी फोटो बघितला आणि विचारलं, "कशासाठी घेतलंत?"

मी म्हणालो, "संरक्षणासाठी."

"कोणापासून?"

मी म्हणालो, "ताई, आमच्याकडं रीत आहे ती. घराण्याला शोभतं."

त्या म्हणाल्या, "तुमच्या आजोबांकडं होतं का?"

नव्हतं. आजोबांकडे काठी होती, तीही म्हशी वळायला. वडिलांकडे नव्हतं. आमची जमीन एमआयडीसीत गेली, गावात बंगले उठले, दारात मोठ्या गाड्या आल्या, आणि गाडीमागोमाग हे आलं. एकानं काढलं म्हणून दुसऱ्यानं. भावकीत त्याच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, म्हणजे आपण कमी. संरक्षण वगैरे अर्जात लिहायला. खंडेनवमीला आम्ही त्याला हळदकुंकू वाहू लागलो, आणि दोन-चार वर्षांत ते पिढीजात झालं. ही आमची रीत. माझ्या लेकीपेक्षा लहान आहे ती रीत.

आणि कोणी म्हणालं की हे बंद करा, तर आम्ही काय म्हणतो? मीच म्हणायचो. "आमची कायदेशीर आहेत. सरकारनं गावठी कट्टे पकडावेत. ती टोळकी पकडावीत." विमलताई एकदा डबा खाता खाता म्हणाल्या, "माउली, तुम्ही वरातीत हवेत बार काढता त्याचा व्हिडिओ आमच्या वस्तीतली पोरं स्टेटसला ठेवतात. त्यांना लायसन कोण देणार? ती कट्टाच आणणार. शिकवलं कोणी त्यांना?" मी डबा बंद केला आणि उठून गेलो. दोन दिवस बोललो नाही.

आता मुद्द्याचं ऐका. गेल्या वर्षी आमच्या गावात एका लग्नात असाच हवेत बार काढला. ती गोळी खाली येताना एका खोलीच्या पत्र्यातून आत गेली. त्या खोलीत आमच्याच कंपनीतल्या तीन मुली भाड्यानं राहतात. लातूरकडच्या. गोळी पलंगावर पडली. मुली तेव्हा फर्स्ट शिफ्टला होत्या म्हणून वाचल्या. त्या रडत विमलताईंकडे आल्या. ताईंनी अर्ज लिहिला. गावात लग्न असो, वाढदिवस असो, मिरवणुकीत शस्त्र आणायला बंदी करावी, ग्रामसभेत ठराव घ्यावा. सगळ्यांच्या सह्या घेत घेत माझ्या स्टोअरच्या खिडकीशी आल्या. म्हणाल्या, "गावातल्या माणसाची एक सही पाहिजे. बाहेरच्यांचं कोणी ऐकत नाही."

मी सही केली नाही.

इतकंच असतं तरी ठीक. मी त्यांना म्हणालो, "ताई, गावच्या भानगडीत कंपनीतल्या बायकांनी पडू नये." हे शब्द माझे आहेत. या तोंडाचे. ताईंनी कागदाची घडी घातली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं "माउली, चहा घेणार का?" म्हणून विचारलं. मनात काही ठेवलं नाही. ठेवलं असतं तर बरं झालं असतं. मग मी दिलेली पत्रिका त्यांनी घेतली नसती.

हो, पत्रिका मीच दिली. "पुतण्याचं लग्न आहे, यायचंच." त्या सुट्टी टाकून आल्या.

भरदुपारी परण्या निघाला. मारुतीच्या पाया पडून नवरदेव मांडवाकडे येत होता. पुढे बँड. मांडवाच्या कमानीखाली सावलीला बायका उभ्या होत्या, त्यात विमलताई. हातात आहेराची पिशवी, नव्या नवरीसाठी घेतलेली साडी. माझ्या भावानं कमरेचं पिस्तूल काढलं. हात वर केला. एक बार. दुसरा बार. आणि मी, मी टाळ्या वाजवल्या. शिट्टीसुद्धा मारली. मग दोन पोरांनी भावाला खांद्यावर उचललं. तो डुलत होता, हातातलं डुलत होतं. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. मला दिसलं की हात खाली आलाय. मला दिसलं की बोट अजून चापावर आहे. "दादा" म्हणायला तोंड उघडलं आणि तिसरा बार झाला.

विमलताई खाली बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या. शेजारच्या बाईला वाटलं चक्कर आली. बँड वाजतच होता. फटाकेही वाजत होते, कोणाला कळायचं? मी पळत गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "पिशवी धरा." एवढंच.

त्यांना गाडीत घातलं, तर रस्ता बंद. आमच्याच गाड्यांनी. आमच्याच पाहुण्यांच्या. एकेक गाडी बाजूला घेईपर्यंत जो वेळ गेला, तो गेलाच. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी मान हलवली.

आणि त्यानंतर लग्न लागलं. माहीत आहे तुम्हाला? मुहूर्त टळू नये म्हणून अक्षता पडल्या. मी दवाखान्यात होतो, मांडवातून आलेल्या फोनवर मला मंगलाष्टकं ऐकू येत होती.

संध्याकाळी घरची सगळी माणसं बसली. ठरलं होतं. "चुकून सुटली, असं सांगायचं." मी विचारलं, चुकून म्हणजे काय? सुटली म्हणजे काय? दोरी सुटते. दाव्याचं वासरू सुटतं. शिफ्ट सुटते. गोळी सुटत नसते, ती झाडावी लागते. लॉक काढावं लागतं. बोट दाबावं लागतं. एकदा नाही, तीनदा.

आई म्हणाली, "ज्ञाना, तुझा भाऊ हाय त्यो."

मी म्हणालो, "व्हय आई. भाऊ हाय म्हणूनच त्याच्याकडं बघत हुतो. परका असता तर मला दिसलंबी नसतं."

आई आजपर्यंत माझ्याशी बोललेली नाही. भावकीनं मला बोलावणं बंद केलंय. असू दे. मी पोलिसांना सगळं सांगितलं. टाळ्याही सांगितल्या, शिट्टीही सांगितली, तो अर्जही सांगितला. आणि माझं स्वतःचं पिस्तूल ठाण्यात जमा केलं, लायसन रद्द करायचा अर्ज दिला. तिथला हवालदार दोनदा विचारतो, "निवडणुकीचा जमा करायचा हुकूम नाही काही नाही, मग जमा कशाला करताय? लोक लायसनसाठी वर्षानुवर्षं खेटे घालतात."

आता राग कशाचा येतो ते सांगतो, आणि थांबतो. प्रकाशदादा, विमलताईंचे मालक, इथे पुढे बसलेत. त्यांच्याकडे माणसं गेली. आमचीच माणसं. म्हणाली, "मिटवून घ्या. आनंदाच्या भरात झालं." कोणाचा आनंद? एक जण तर म्हणाला, "बाई तिकडं उभी कशाला राहिली होती?" अरे, माणसानं लग्नाच्या मांडवात उभंही राहायचं नाही का? गावातली मुलगी असती, आमच्या घरातली बाई असती, तर हेच बोलला असता का? कंपनीतली बाई, बाहेरून आलेली, वस्तीतली. म्हणून ती उभी राहिली ही तिची चूक, आणि आमचा झाला तो आनंद. याची लाज वाटते मला. लाज कमी आणि संताप जास्त. स्वतःचाही.

गावात अजून चर्चा ठरावाची नाही. चर्चा ही, की लायसनवर आता गदा येणार का. माणूस गेलं, आणि आम्हाला काळजी कमरेची.

आज या सभागृहात आमच्या गावचे नऊ जण आहेत. मी मोजलेत. तोंड लपवू नका, मी नावं घेणार नाही. तुम्ही सगळे त्या परण्यात होतात. तिसरा बार तुम्हीही बघितला. पोलिसांकडे जबाब एकच आहे, माझा. उद्या कोर्टात वकील म्हणेल, भावाभावांचं जमिनीवरून वाकडं आहे, म्हणून हा खोटं बोलतो. मी एकटा पुरणार नाही.

प्राजक्ता, बाळा, तू सांगितलंस तेवढं सांगितलं. विमलताई, तुम्हाला माझं विनम्र अभिवादन. माफी मागत नाही. तुम्ही नाही तर माफी द्यायची कोणी?

आता सगळ्यांनी उभं राहावं. ताईंसाठी एक मिनिट गप्प राहू या. आणि त्या नऊ जणांना माझं हात जोडून सांगणं आहे, ते मिनिट संपलं की गप्प राहणंही संपलं. बाहेर माझी गाडी उभी आहे. ठाण्यापर्यंत मी सोडतो.