खिडकीतल्या तीन बाटल्या

हॅलो?… हो, हिस्केच. बोल, वीत्स्के मावशी… खाल्लं ना. केक. आईच्या दफनानंतरच्या कॉफीबरोबरचा उरला होता, तोच संपवतेय…

काय राहिलंय तुझं?… हो, आहेत त्या तुझ्या प्रतिकारशक्ती वाढवायच्या काढ्याच्या बाटल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत. तीन…

परत हव्यात?

नाही, नीट ऐकलं मी. वाया कशाला घालवायच्या, हेच ना… कुणासाठी?… नीन्केसाठी. तुझ्या पोटच्या नीन्केसाठी.

मावशी, ऐक ना… आधी माझं ऐक. आईला झालं काय होतं?… अशक्तपणा नव्हता गं. तिची प्रतिकारशक्ती कमी नव्हती, चवताळली होती. घरचाच कुत्रा घरच्यांना चावत होता. मूत्रपिंडं फाडली त्यानं तिची. गोळ्या होत्या त्याला बांधून ठेवायला. आणि तू त्याला खुराक घालायला आलीस. वर म्हणालीस, गोळ्या सोड, त्यांनी ताकद जाते…

हो, प्रेमानंच. मी कुठं नाही म्हणतेय…

नैसर्गिक, हो. धोतराही नैसर्गिकच असतो.

बाटलीच्या तळाचा तो चिकट पाकसुद्धा सोडला नाहीस. दह्याची बाटली खरवडायचं ते लांब रबरी उलथणं घालून काढलास, आणि तेच तिच्या ओठांवर पुसलंस. तिला गिळवत नव्हतं तेव्हा. मला अजून शिसारी येते…

रडू नकोस. मला सांग, नीन्केचे सांधे कोण खातंय?… हां. तिचंच शरीर. मग इंजेक्शन चालू आहे ना तिचं?

‘थोडं थांबवलंय’ म्हणजे?

फोन दे तिला… बाजूलाच आहे ना, दे.

नीन्के?… हो गं राणी. ऐक, आत्ता दवाखान्यात फोन लाव. इंजेक्शन चुकलंय म्हणून सांग, पुढचं कधी घ्यायचं ते विचार… आईला नाही, त्यांना विचार… आईनं काढा सुरूही केलाय तुला?… कडू लागतो ना? मग थुंकून टाक… अगं, माझी आईही हेच म्हणाली होती, ‘थोडंच थांबतेय’… हो. लाव फोन. मी येतेच कालवा ओलांडून.

दे मावशीला…

हो, ऐकतेय… हा आवाज? नळ सोडलाय… नाही, भांडी नाही घासत. दोन ओतून झाल्या. तिसरीचं तळाशी बसलंय, निघत नाहीये…

बरं झालं, तुझं उलथणं इथंच राहिलं. थेंबही ठेवत नाही. ठेवते.